अक्का, दुसऱ्या बाटलीत कुणाचं रक्त होतं

अक्का,

काल तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळी निघाल्या आणि मग तुझ्या सासरच्या ओसरीवर बायका पाय पसरून बसल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. केदारखेड्यात मी इतका वेळ कधी गप्प बसलेली नाही, हे तुला माहीतच आहे. तू नेहमी म्हणायचीस, सुमे, माझ्या सासरी येतेस तर तोंड जालन्यात ठेवून येत जा बाई. काल ठेवलं होतं. बराच वेळ ठेवलं होतं. मग बोलले. तू मला शपथ घातली होतीस आणि ती मी मोडली, म्हणून तुलाच सांगायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग?

आणि आणखी एक. दवाखान्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं मी खोटं उत्तर दिलं. तेही सांगायचं राहिलंय.

रडत वगैरे नाहीये मी. रडायचं होतं तेवढं दवाखान्याच्या मागच्या नळावर रडून झालं. आता नुसती भीती वाटते. माणूस गेलं की भीती संपायला पाहिजे ना? जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. इथं तसं नाही. जे तुझ्या मागे लागलं होतं ते तुझ्याबरोबर गेलेलं नाही, घरातच आहे, ओसरीवर परकर घालून हिंडतंय.

लहानपणी आपल्याला कुणी सख्ख्या बहिणी म्हणायचं नाही. तुझे डोळे घारे, माझे काळे कुळकुळीत. गल्लीतली पोरं तुला मांजर म्हणायची आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायची. कुंडलिकेच्या वाळूत मी एकाचा सदरा फाडला होता, आठवतंय? घरी आल्यावर आप्पांनी मला मारलं आणि तू मधे पडलीस. आई म्हणायची, थोरलीचे डोळे माझ्या आईवर गेलेत. आजीचे डोळे घारे होते आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. कौतुकच होतं गं. लग्नात आजोबांकडच्या लोकांनी ते डोळे बघूनच होकार दिला, असं आजी स्वतः सांगायची आणि लाजायची.

तुझं लग्न आत्याच्या घरात ठरलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. निजामावरची पोलीस अॅक्शन नुकतीच होऊन गेली होती, दिवस घाबरे होते, अनोळखी घरात पोर कोण देतो? आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, तिचा एकुलता एक दत्तादादा, केदारखेड्याला बरी शेती. कूळ ठाऊक, माणसं ठाऊक, विचारपूस करायला नको. आप्पा म्हणाले, घरातली पोर घरातच राहिली. दत्तादादाला मी दाजी म्हणायला लागले. पहिले काही दिवस हसूच यायचं मला.

नलूच्या वेळी, पहिल्या बाळंतपणाला, तू आपल्याकडे आलीस. बाळ झालं, धडधाकट झालं, आणि तुझं रक्त जायचं थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त द्यावं लागेल, जल्दी कुणीतरी तयार व्हा. मी पोलक्याची बाही वर करून पुढे झाले. मला काय कळत होतं? बहीण मरायला टेकली आहे एवढंच कळत होतं. आत्या तांबडी होऊन म्हणाली, "तू मागं हो. लग्नाची पोर तू. अन् ती आता आमच्या कुळातली हाय. रक्त आमच्या घरचंच चढल." मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मुलगी दिली की तिचं कूळ बदलतं, देवक बदलतं, मग रक्त तेवढं माहेरचं कसं चालेल, असा तो हिशोब होता. आणि त्या वेळी तिथं कुणालाच तो चुकीचा वाटला नाही.

दाजींना गावाहून आणवलं. ट्रकमधून आले बिचारे, कापसाच्या गठाणींवर बसून. डॉक्टरांनी काचेवर थेंब मिसळून बघितला, म्हणाले, बराबर आहे, जुळतं. तेव्हा तेवढंच बघायचे. दाजींच्या हातातून रक्त निघालं आणि तुझ्या हातात गेलं. तुझ्या ओठांना हळूहळू रंग आला. आई दाजींच्या पाया पडायला निघाली होती. जावयाच्या. माझं रक्त कुणी तपासलंच नाही.

त्यानंतर आत्या गावभर सांगायची, "आमच्याच रक्तावर उभी हाय माझी सून." तूही ते ऐकून दाजींकडे बघून हसायचीस. मला ते हसू आवडायचं. नवरे बायकोला लुगडं आणतात तसं दाजींनी रक्त दिलं होतं, आणि असा नवरा शंभरात एखादीला मिळतो. आता ते हसू आठवायला नको वाटतं.

कारण नलूच्या पाठचा मुलगा आठव.

मी सुट्टीत केदारखेड्याला आले होते. बाळ गोरं, गुटगुटीत. दुसऱ्या दिवशी आत्याने त्याला उचलून दाराशी उजेडात नेलं आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबला. दाबून सोडला. परत दाबला. कातडी पांढरी व्हायला पाहिजे तिथं पिवळी दिसत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. अक्का, ते तोंड मी विसरलेली नाही. अनोळखी रोग बघून माणूस घाबरतं तसं ते नव्हतं. ओळखीचं कुणीतरी दारात उभं दिसल्यासारखं होतं. तिने बाळाला गुंडाळलं, तुझ्या कुशीत ठेवलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. मला वाटलं, म्हातारी मुलखाची कठोर.

धावड्याहून काविळीवाला आणला. त्याने मुळ्यांची माळ बाळाच्या गळ्यात घातली आणि सांगितलं, माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरेल. माळ लांबायच्या आत बाळ गेलं. त्याच्या पाठची मुलगीही तशीच. तिच्या वेळी तर तूच पहिल्या दिवसापासून अंगठा दाबत होतीस. उठता बसता तिच्या नाकावर तुझा अंगठा. मी म्हटलं, अगं, तिला दुखेल. तू म्हणालीस, "दुखलं तर रडेल ना. रडत पण नाहीये गं."

मग तू हळद सोडलीस. भाजीत घालायची नाहीस, हळदीकुंकवाला गेलीस तर कुंकू तेवढं लावून घ्यायचीस. बायकांच्या ते लक्षात आलंच. जिला हळद सोसत नाही तिच्यात काहीतरी आहे, असं बोलणं सुरू झालं. आधी दृष्ट म्हणाले, मग करणी म्हणाले. आणि मग आपणच त्यांच्या हातात याहून मोठं कोलीत दिलं.

मीच तुला नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. हैदराबादेहून शिकून आलेल्या, कडक, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी तुझं रक्त बर्फात घालून औरंगाबादला धाडलं. उत्तर आलं तेव्हा आपण तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो, तू, मी आणि दाजी. त्या म्हणाल्या, बहुतेक माणसांच्या रक्तात एक गोष्ट असते, ती तुमच्या रक्तात नाही. त्याला निगेटिव्ह म्हणतात. तो काही रोग नाही. पण बाळाला ती बापाकडून मिळाली, तर तुमचं अंग बाळाच्या रक्ताला परकं समजतं आणि मोडून काढतं. पहिलं मूल निभतं. पुढची निभत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आधी कधी बाहेरून रक्त दिलं होतं का तुम्हाला?"

तू केवढ्या अभिमानाने सांगितलंस, "हो, ह्यांनीच दिलं."

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बाटलीनं तुमच्या अंगाला वैर शिकवलं. कुणाची चूक नाही. तेव्हा इथं हे तपासता येत नव्हतं." दाजींनी आपला उजवा हात डाव्या हाताने झाकून घेतला. कोपराच्या आत, जिथे सुई गेली होती तिथे. मला त्यांची इतकी दया आली की मी तोंड फिरवलं.

नंतर त्यांनीच विचारलं, "पण हिलाच कसं काय हो, बाई?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असतं असं. आपल्या लोकांत कमी सापडतं, गोऱ्या लोकांत जास्त.

झालं. तेवढं वाक्य घेऊन दाजी केदारखेड्याला गेले. पुढचं मागचं सगळं जालन्यात सांडलं आणि तेवढं एकच घरी पोचलं. मी त्यांना शिव्या घातल्या तेव्हा, तुझ्यादेखत घातल्या. आज कळतं. ती बाटली घेऊन माणूस घरी कसा जाणार? आपल्याच हाताने दिलेलं रक्त आपल्याच लेकरांना बाधलं, हे आईला कसं सांगणार? त्याला दुसरं काहीतरी न्यायला पाहिजे होतं. ते त्याला मिळालं.

बाकीचं आत्याने जुळवलं. गोऱ्यांचं रक्त. घारे डोळे. आजीचे पण घारे डोळे. आजीचं माहेर कुठलं? जालन्याच्या जुन्या छावणीच्या अंगाला. छावणीत कोण राहायचे? गोरे शिपाई. बघता बघता आपली आजी, जिने परपुरुषाची सावली अंगावर पडू दिली नाही, ती काय होती ते आठवड्याभरात सगळ्या पंचक्रोशीला कळलं. "छावणीचं रक्त हाय तिचं, म्हणून लेकरं टिकत न्हाईत. आमचं रक्त त्याला मानवत न्हाई." आप्पा तोवर वारले होते. आई होती. तिने ऐकलं, आणि आजीचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला. पुसून, फडक्यात बांधून. ती गेली तरी तो ट्रंकेतच आहे.

माझी परतूरची सोयरीक त्याच महिन्यात मोडली. त्यांनी कारण सांगितलं नाही, आपण विचारलं नाही. त्याचं मला बिलकुल दुःख नाही, हे तुला हजारदा सांगितलं आणि तू हजारदा त्यासाठी रडलीस. शाळेतल्या पोरी सांभाळते, दोन वेळचं स्वतःचं खाते, कुणाचा अंगठा कुणाच्या नाकावर बघावा लागत नाही. माझं बरं चाललंय.

पण संताप झाला होता. मी डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेले. म्हटलं, तुम्ही एक वाक्य बोललात आणि आमच्या मेलेल्या आजीची अब्रू गेली. त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "गोऱ्यांत जास्त म्हणजे गोऱ्यांचंच, असं मी कुठं म्हटलं? हे रक्त सगळ्या मुलखांत आहे, सगळ्या जातीत आहे. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे अगदी थोडं. आपल्याकडे हे गोरे यायच्या कितीतरी आधीपासून असणार. काचेवर मला रक्त दिसतं सुमनबाई, कूळ दिसत नाही." मग माझं बोट टोचून त्यांनी माझंही रक्त धाडलं. ते तुझ्यासारखंच निघालं. काळ्या डोळ्यांची मी, आणि रक्त तेच. डोळ्यांचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. हे रक्त एका बाजूने येतच नाही. आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर ते दबून राहतं, दिसत नाही. म्हणजे तुझ्यामाझ्यात ते आलं ते आईकडून जितकं, तितकंच आप्पांकडून. आजी बिचारी एकटी छावणीत जाऊन हे आणूच शकत नव्हती.

मी दवाखान्यातून पळतच निघाले. वाटलं, सापडलं. आता केदारखेड्याला जाते आणि आत्याला ओसरीवर उभी करून विचारते, आप्पा कुणाचे भाऊ? त्यांच्यात होतं ते कुठून आलं? तुमच्या दोघांचे आईबाप कुठल्या छावणीत होते, सांग.

तू जाऊ दिलं नाहीस.

शेवटच्या खेपेला तू आलीस ते दिवस मी परत परत आठवते आहे. पोट मोठं, पाय सुजलेले, गाल बसलेले. हे मूल राहू देऊ नकोस असं मी म्हटलं होतं, डॉक्टरीणबाईंनीही म्हटलं होतं. पण तुला त्या घरात राहायचं होतं. आत्याने दाजींसाठी दुसरी बघायची भाषा काढली होती, आणि कायदा आता करू देत नाही म्हणून कुणी सांगितलं तर ती म्हणायची, कायदा काय आमच्या ओसरीवर येऊन बसतोय? म्हणून तू परत पोट वाढवलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुंबईला जा, तिथं जन्मल्या जन्मल्या बाळाचं सगळं रक्त काढून दुसरं भरतात, त्याने वाचतं. दाजी तयार होते. खर्चा करीन म्हणाले. आत्याने तोंडाला पदर लावला. "लेकरू आपलं अन् रक्त कुण्या परक्याचं? मंग ते आपलं कसलं?" आणि दाजी खाली बसले. परत नाहीच उठले त्या विषयावर.

आपण मागच्या ओट्यावर संध्याकाळी तांदूळ निवडत बसायचो. तू एकदम म्हणालीस, "सुमे, पण आजीचे डोळे घारे का होते गं?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. म्हटलं, तू पण? अगं, कोकणात अख्खी गावं घाऱ्या डोळ्यांची आहेत, ती सगळी छावणीत जन्मली का? तू म्हणालीस, "मला ठाऊक आहे तसं काही नसेल. पण रोज कुणी सांगत राहिलं ना, की आरशात बघताना वाटतं, असेल पण." तेव्हा मी तुला ते दोन्हीकडून येण्याचं सांगितलं. तू ऐकत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "म्हणजे आप्पांकडून पण. म्हणजे आत्याबाईंकडे पण असू शकतं."

"असू शकतं काय, त्यांच्या घराण्यात आहेच."

"मग त्यांना सांगायचं नाही."

मी तुला बावळट म्हटलं, मठ्ठ म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. तू माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवलास आणि शपथ घातलीस. म्हणालीस, "आज वाईट रक्ताची मी एकटी आहे. उद्या सगळं घर झालं, तर नलूला कोण करील? एकीवर आहे ते एकीवरच राहू दे, सुमे. मी गेले की संपेल." मी म्हटलं, असं संपत नसतं, रक्ताला काय कळतं कोण गेलं आणि कोण राहिलं? तू म्हणालीस, "बरं, बाळ झाल्यावर भांडू."

ते भांडण राहिलं बघ आपलं. माझ्याकडे अजून निम्मं शिल्लक आहे.

पुढचं तुला सगळं माहीत नाही. तू डोळे मिटून होतीस.

बाळ दुपारी झालं. मुलगा. तुझं रक्त परत तसंच सुरू झालं, नलूच्या वेळचं. डॉक्टरीणबाईंकडे आता तपासायचं औषध आलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, सरळ माझा दंड धरला. मी म्हटलं, घ्या, हे घ्यायला तुम्हाला किती वर्षं लागली. पहिली बाटली माझी. ती सबंध तुझ्यात गेली, आणि पुरली नाही. माझ्यातून आणखी काढता येणार नव्हतं. मी भांडले, पण त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "जवळचं आणखी कोण आहे? निगेटिव्हच पाहिजे, नाहीतर नको."

व्हरांड्यात दाजी होते, त्यांचं चालणार नव्हतं. आणि आत्या होती, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. मी तिच्याकडे बोट दाखवलं. शपथ मोडली नाही मी, काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "हिचं बघा."

"माझं?" आत्या म्हणाली. "मी सासू हाय तिची. आई न्हाई." आणि गाठोडं घट्ट धरलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट ओढून टोचलं. काचेवर थेंब टाकला, औषध टाकलं, काच हलवत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मला बोलायची गरज पडली नाही.

आत्याला आडवी केली. तिची शीर बारीक, रक्त हळू येत होतं. बाटली भरून तुझ्या खाटेला टांगली. थोड्या वेळाने तू डोळे उघडलेस. बाटलीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, "कुणाचं गं?" मी तोंड उघडलं तर तुझ्या उशाशी आत्या उभी. दंड दुमडलेला, त्यात कापसाचा बोळा. ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. नको, नको.

मी म्हटलं, "माझंच आहे. गप पड."

तू हसलीस. "म्हणजे आता भांडायला लागेन मी," असं म्हणालीस. ते शेवटचं. बाटली संपायच्या आत तू गेलीस.

तर अक्का, ते रक्त तिचं होतं. जी म्हणत होती आमचं रक्त हिला मानवत नाही, तिचं. ते तुला चांगलं मानवत होतं. थंडी नाही, ताप नाही, काही नाही. वेळ नव्हता, एवढंच.

तुला नेल्यावर व्हरांड्यात आम्ही दोघीच राहिलो. आत्याने दंड अजून दुमडलेलाच ठेवला होता. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिने विचारलं, "बाई, मंग माझीबी त्याच्यापायीच गेली का?" मला कळेना. मग आठवलं. दाजी एकुलते एक का, हे आपण कधी विचारलंच नव्हतं. तिनेच सांगितलं, दाजींच्या पाठची सगळी गेली होती, पिवळी होऊन. तिच्या सासूने तिला लेकरंखाई म्हणून परसात वेगळी चूल मांडून दिली होती. नाकावर अंगठा दाबून बघायला ती तिथं शिकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो आजी. त्याच्यामुळंच असणार." आत्याने मान डोलावली. मग मला म्हणाली, "सुमन, हे कुणाला सांगू नगंस."

तीच शपथ. आधी तू घातलीस, मग तिने. मला त्या क्षणी तिला जवळही घ्यावंसं वाटलं आणि ढकलून द्यावंसंही वाटलं. काहीच केलं नाही.

तुझं बाळ चांगलं आहे. पिवळं झालं नाही. सगळ्यांनी अंगठे दाबून दाबून त्याचं नाक लाल केलं, पण कातडी पांढरीच राहते. घरात म्हणतात, आमचं रक्त जिंकलं या खेपेला. काय जिंकलं? डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ते तुझ्यासारखंच निगेटिव्ह आहे, म्हणून तुझ्या अंगाने त्याला परकं मानलं नाही, म्हणून वाचलं. तुझ्या रक्तामुळे वाचलंय ते.

आणि मी त्यांना म्हटलं, नलूचंही बघा. त्यांनी बघितलं. तिचंही तुझ्यासारखंच निघालं. बघून झाल्यावर हात धूत राहिल्या, बराच वेळ. म्हणाल्या, "अजून लहान आहे. मोठी होईतोवर काहीतरी औषध निघेल, सुमनबाई." निघेल का गं? पोर नऊ वर्षांची होईल आता. या गावात पोरींना मोठं व्हायला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे.

तर काल. ओसरीवर बायका बसलेल्या. आत्या पाळणा हलवत होती. नलू माझ्या शेजारी, दोन्ही गुडघे जवळ घेऊन. शेजारची कुणीतरी उसासा टाकून म्हणाली, "छावणीचं रक्त, दुसरं काय. गेली बिचारी, घर सुटलं." आणि तिने नलूच्या डोळ्यांकडे बघितलं. मग दुसरीनेही बघितलं. सगळ्या माझ्या भाचीचे डोळे बघत होत्या, घारे, अगदी तुझ्यासारखे.

मी आत्याकडे बघितलं. मनात म्हटलं, बोल. आता तरी बोल. ती पाळणा हलवत राहिली.

नलूने मला विचारलं, "मावशी, माझं पण रक्त तिकडचंच आहे का?"

अक्का, तू सांग, मी काय करायला पाहिजे होतं? तू म्हणाली होतीस एकीवर आहे ते एकीवरच राहू दे. पण ते तुझ्यावरून उठून नलूच्या अंगावर बसलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, तेराव्याच्या दिवशी. मी म्हणाले, "नाही. तुझं रक्त तुझ्या या आजीचं आहे. तुझ्या आईचंही हेच होतं, माझंही हेच आहे. दवाखान्यात तुझ्या आईला शेवटी रक्त चढलं ते हिचं. विचार तिला."

पाळणा थांबला. दाजी अंगणात होते, ते वळून बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार, मला घराबाहेर काढणार. आत्याने पाळण्यातल्या बाळावरचं पांघरूण नीट केलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "व्हय. माझंच हाय. त्यांच्या आजीचा काय बी संबंध न्हाई. माझीबी अशीच गेली सारी."

एवढंच बोलली. ज्या बायका इतका वेळ बसल्या होत्या त्यांना एकाएकी घरची कामं आठवली.

आजीचा फोटो मी ट्रंकेतून काढणार आहे. ते माझं ठरलंय. पण तुला जे सांगायचं होतं ते हे नाही.

नलू खूश झाली, अक्का. तुला नेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. ती उठून आत्याच्या मांडीशी जाऊन बसली, आपली बाही वर केली, आपला हात आजीच्या हातापाशी नेला आणि निळ्या शिरेवर बोट ठेवून म्हणाली, "बघ आजी, आपलं एकच आहे." आत्याने तिच्याकडे बघितलं. ते तोंड मी ओळखलं. दाराच्या उजेडात बाळाच्या नाकावरून अंगठा उचलला होता, तेव्हाचं ते तोंड. तिने आपला हात पदराखाली ओढून घेतला. पोर तशीच हात पुढे करून बसली होती.